वहीत कारणाचा रकाना हवा



शाळा सुटली की गुणपत्रिका सुटली, असे आपण मोठी माणसे समजतो. मुलांनी अभ्यास करावा, गुरुजींनी गुण द्यावेत आणि आपण खाली सही करून ती परत धाडावी, एवढाच आपला आणि गुणांचा संबंध. पण जरा आठवून पाहा. पाण्याच्या हंड्यावर झाकण आहे का हे बघून जाणारे साहेब, अमक्याच्या घरी संडास आहे की नाही याची यादी, रेशनच्या दुकानात अंगठा घेणारे यंत्र, हे सारे मोठ्या माणसांचे गुणच आहेत. कोणीतरी बघतो, कोणीतरी लिहून ठेवतो, आणि त्या लिहिण्यावर आपले काहीतरी अडते नाही तर सुटते. त्या लिहिण्याविषयी आज तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत. विषय मुख्यतः संडासाचा आहे, तेव्हा जेवण आटोपले असेल तर पुढे वाचा!

मी बिरवाडीची. महाड तालुक्यातले आमचे गाव काळ नदीच्या काठाचे. एका अंगाला औद्योगिक वसाहतीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला भातखाचरे, आणि वर डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या वाड्या. गावच्या पाणी आणि स्वच्छतेच्या कामात मी काही वर्षे होते. त्यामुळे पाहणी करणारे कसे बघतात आणि ज्यांची पाहणी होते त्यांना काय वाटते, या दोन्ही गोष्टी मला जवळून दिसल्या.

सन २००० मध्ये महाराष्ट्र सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्या वेळी आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते. गाडगेबाबा कोण, हे तुम्हांला सांगायला नको. १८७६ साली अमरावतीकडच्या शेणगावात जन्मलेला हा माणूस हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडला. दिवसा गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची, हा त्यांचा नेम १९५६ साली डोळे मिटेपर्यंत चालला. त्यांच्या नावाने निघालेल्या या अभियानात गावांची स्पर्धा लागली. पिण्याचे पाणी, गटारे, उकिरडे, संडास, शाळा, लोकवर्गणी, श्रमदान अशा बाबींवर तपासणी समिती गुण द्यायची. तालुक्यात पहिले आलेले गाव जिल्ह्याला, तेथून विभागाला आणि मग राज्याला. केंद्र सरकारनेही २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्काराची योजना जाहीर केली आणि २००५ पासून ते पुरस्कार दिले जाऊ लागले. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील गावे पुष्कळ वर्षे आघाडीवर होती.

त्या दिवसांची मजा काही और होती. समिती येणार म्हटले की गल्लीगल्लीत सडा-रांगोळी पडायची, लेझीम निघायचे, मुलांची नखे तपासली जायची. घरोघर पाण्याच्या भांड्यात बुडवायला लांब दांड्याचे ओगराळे आले. सांडपाण्याला शोषखड्डे झाले, परसात केळी आणि अळू दिसू लागले. गावाला गुण पडले तर ते साऱ्या गावाचे, आणि कमी पडले तर लाजही साऱ्या गावाची. कोणाला एकट्याला खाली मान घालावी लागत नसे.

आणि संडासाची गोष्ट तर आम्हा बायकांना विचारा. पूर्वी पहाटे उजाडण्यापूर्वी किंवा रात्री दिवेलागणीनंतर, एवढ्याच दोन वेळा बाईमाणसाच्या. मध्ये पोट दुखो की जुलाब लागो, दिवसभर कळ सोसायची. जाताना बरोबर सोबत हवी, म्हणून जावेला नाही तर शेजारणीला हाक मारायची. पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. अंधारात, गुडघाभर गवतात, पायाखाली सापविंचू. पोटुशी बाई, नुकती बाळंतीण, म्हातारी सासू, सगळ्यांची तीच गत. घरापाशी संडास झाला तेव्हा बायकांनी पेढे वाटले नाहीत एवढेच. म्हणून सांगते, ही योजना वाईट होती असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. मोजमाप केल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायची गरज नाही. आपण पायलीने भात मोजतोच की.

पण पुढे हळूहळू मोजण्याची रीत बदलली. गावाचे गुण घराघरावर आले आणि घराचे गुण माणसावर आले. २०१२ साली देशभर घरोघरची पायाभूत पाहणी झाली आणि कोणाकडे संडास नाही याच्या नावानिशी याद्या तयार झाल्या. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, त्यात पात्र कुटुंबाला संडासासाठी १२,००० रुपयांचे अनुदान मिळू लागले. हे चांगलेच झाले. पण ठरलेल्या मुदतीत आकडा पुरा करायचा म्हणून वरून घाई होऊ लागली. मग आली गुडमॉर्निंग पथके.

तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असतील. भल्या पहाटे गाडी येते, माणसे उतरतात, वाटेवर दबा धरून बसतात. हातात टमरेल दिसले की शिट्टी वाजते. कोठे गुलाबाचे फूल देऊन लाजवायचे, कोठे नाव लिहून घ्यायचे, तर कोठे पोलिस ठाण्याची वाट दाखवायची. मुंबई पोलिस अधिनियम, १९५१ याच्या कलम ११५ आणि ११७ खाली १,२०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असा दम दिला जाई. बाराशे रुपये म्हणजे मजुरी करणाऱ्या बाईची कित्येक दिवसांची कमाई.

वरच्या अंगाच्या एका वाडीत असेच एक पथक आले होते. कोठले, कोणाचे, ते सांगण्यात अर्थ नाही. एक म्हातारी आजी पऱ्याकडे निघालेली. तिला थांबवले आणि विचारले, “आजी, तुमच्या घरी संडास आहे ना? यादीत तर बांधलेला दिसतोय.”

आजी घाबरली नाही. म्हणाली, “हाय की बाबा. सरकारनं दिलाय, मी न्हाई कुठं म्हनते? पर पानी कुठं हाय? प्यायाचा येक हंडा आनायला मी उतार उतरून जाते नि चढ चढून येते. तो हंडा पोरांना पाजू का संडासात वतू, तूच सांग.”

पथकातल्या माणसापाशी उत्तर नव्हते. त्याच्या हातातल्या कागदावर दोनच रकाने होते. एक ‘संडास आहे’ आणि दुसरा ‘वापर करतात का’. आजीच्या नावापुढे दुसऱ्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले गेले. का नाही, हे लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती.

आता आजीचा हिशेब आपण करून पाहू. उतरत्या घडणीचे ग्रामीण भांडे बसवले तर एका वेळेला दीड-दोन लिटर पाणी पुरते. सहा माणसांच्या घरात एकेक वेळ धरली तरी बारा लिटर, वर हातपाय धुणे आणि भांडे घासणे. म्हणजे दिवसाला निदान एक हंडा जास्तीचा. शहरात नळ सोडला की हंडा भरतो. पण महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत धो धो पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात विहिरींचा तळ दिसतो आणि टँकरची वाट पाहावी लागते. तो एक हंडा कोणाच्या डोक्यावर चढतो? बाईच्याच. कागदावर ज्याला ‘सवय बदलत नाही’ म्हणतात, ते पुष्कळदा बाईच्या मानेचे दुखणे असते.

दुसरे उदाहरण आदिवासी वाडीवरचे. आमच्या रायगड जिल्ह्यात कातकऱ्यांच्या कितीतरी झोपड्या दुसऱ्याच्या जागेवर उभ्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण सातबारा दुसऱ्याचा. संडासाचा खड्डा काढायचा म्हटला तर जागेचा मालक म्हणतो, आज खड्डा काढाल, उद्या जागा सांगाल. अशा घरापुढे ‘संडास नाही’ असे लिहिले जाते. ते लिहिणे खोटे नाही. पण वाचणाऱ्याला वाटते, ही माणसेच अडाणी, यांनाच घाण आवडते. दोष जागेचा आणि डाग माणसाला! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

गुणांची मजल तर निवडणुकीपर्यंत गेली. ग्रामपंचायतीला उभे राहायचे तर घरात संडास आहे आणि त्याचा नियमित वापर करतो असे प्रमाणपत्र लागेल, अशी तरतूद महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात आली. पुढाऱ्याने आधी स्वतः नीट वागावे, हा हेतू चांगलाच. पण संडास आहे हे भिंत पाहून सांगता येते. ‘नियमित वापर’ कोणी पाहायचा? निवडून आलेल्या बाईच्या विरोधात हरलेल्या बाजूने तक्रार करायची, मग साक्षीपुरावे, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे खेटे. घरातली अगदी खाजगी गोष्ट चावडीवर चघळली जाते, आणि त्यात गावाची स्वच्छता कोठल्या कोठे राहते.

कोणी म्हणेल, बाहेरचे पथक नको, गावकऱ्यांनीच एकमेकांवर नजर ठेवावी. हे ऐकायला गोड वाटते. पण मी महाड तालुक्यातली आहे, आणि गावाची नजर किती कठोर असते हे महाडाइतके कोणाला ठाऊक असणार? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही १९२४ मध्ये केला. कागद स्वच्छ होता. पण तळ्याच्या पायरीवर कोणाचा पाय पडतो, ओंजळ कोण भरतो, यावर गावाचे डोळे होते, आणि त्या डोळ्यांच्या धाकाने अस्पृश्य मानलेल्या माणसाला पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तेथे गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो धाक मोडला. त्यानंतरही मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडावे लागले.

म्हणून मला भीती वाटते ती अशी. गावात जुनी भांडणे असतात, बांधाची, वाटेची, भावकीची. अशा गावाच्या हातात सरकारने शिट्टी आणि वही दिली, तर शिट्टी आधी कोणावर वाजेल? पथक पहिल्यांदा कोणत्या वाडीवर जाईल? ज्याच्या घरापुढे चारचाकी उभी आहे त्याच्याकडे, की ज्याच्या घराला दारही नाही त्याच्याकडे? तुम्हीच मनाशी उत्तर द्या.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. चीन देशाच्या सरकारने २०१४ मध्ये माणसांची आणि कंपन्यांची ‘पत’ ठरवण्याची एक मोठी आखणी जाहीर केली. तिकडच्या शांतुंग प्रांतात समुद्रकाठी रोंगचेंग नावाचे शहर आहे. तेथे प्रत्येक रहिवाशाच्या नावावर सुरुवातीला १,००० गुण धरले. रहदारीचा नियम मोडला की गुण वजा, समाजाचे काम केले की गुण जमा. गुणांवरून माणसांच्या प्रती लावल्या, आपण आंब्याच्या लावतो तशा. सबंध चीनमध्ये प्रत्येक माणसाला एकच आकडा दिलेला आहे अशी जी वदंता आहे ती खरी नाही. पण न्यायालयाचे देणे बुडवणाऱ्यांची जी यादी तेथे आहे, तिच्यात नाव गेले की विमानाचे आणि वेगवान रेल्वेचे तिकीट मिळत नाही, हे खरे आहे. तेथला शेतकरी काय आणि इथला काय, वहीत आपल्याविषयी काय लिहिले आहे हे त्याला कळत नसेल, तर दोघांची गत सारखीच.

आपल्याकडे आता वह्याही कागदाच्या राहिलेल्या नाहीत. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. रेशनला अंगठा आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, शेतातले पीक मोबाइलवर नोंदवायचे. २०२५ पासून शेतकऱ्याचा वेगळा ओळख क्रमांक योजनांसाठी मागितला जाऊ लागला. यातून लबाडी कमी होते, मधले दलाल गळतात, पैसा सरळ खात्यावर येतो. हे मी नाकारत नाही. पण आवण काढून, लावणी करून, विळा धरून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा अंगठा यंत्र ओळखत नाही. यंत्र म्हणते, ‘जुळत नाही.’ झाले! तेथेही कारणाचा रकाना नाही. आजीचा हंडा आणि या म्हाताऱ्याचा अंगठा, दोघांचे दुखणे एकच.

मग करायचे काय? पथकाला पाहून पळायचे, की त्याच्याशी भांडायचे? दोन्ही नको. मला वाटते, आपल्या नावापुढे काही लिहिले जाते तेव्हा आपण चार प्रश्न विचारावेत. ही नोंद कोणत्या कामासाठी? ती मला वाचायला मिळेल का? चुकली असेल तर दुरुस्त कोण करील? आणि या नोंदीवरून माझे काय अडवले जाणार आहे? हे प्रश्न नम्रपणे विचारावेत, पण विचारावेत जरूर.

हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. माणसाचे खाजगीपण हा त्याचा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. खाजगीपण हे काही शहरातल्या बंगलेवाल्यांचेच नसते. टमरेल घेऊन निघालेल्या आजीलाही ते आहे. आधार जुळले नाही एवढ्याच कारणाने कोणाचे धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे, हे दुकानदाराला सांगा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर आपली नोंद मागता येते, आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही शुल्क नाही. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून लिहून घ्या.

आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे ग्रामसभा. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि त्याआधी महिलांची सभा. यादी तेथे मोठ्याने वाचून घ्यावी. ज्याचे नाव ‘नाही’ मध्ये आहे त्याला लाजवण्यासाठी ती वाचू नये. त्याला कारण सांगता यावे आणि ते इतिवृत्तात लिहिले जावे, एवढ्यासाठी वाचावी. त्या वरच्या वाडीच्या बाबतीत आम्ही बायकांनी हेच केले. सभेत उभे राहून म्हटले, आधी पाण्याची टाकी, मग संडासाची पाहणी. ‘पाणी नाही’ असे कारण नावानिशी लिहायला लावले. एका घरापुढे ते कारण असते तर कोणी पुसले नसते. सगळ्या वाडीपुढे एकच कारण दिसले, तेव्हा ते वरच्या साहेबांनाही दिसले. त्या वर्षी काम झाले नाही. पुढच्या वर्षी झऱ्याचे पाणी नळीने वाडीपर्यंत आणून टाकीत सोडले. त्यानंतर कोणीही शिट्टी न वाजवता वाडीतले बहुतेक संडास वापरात आले. आजीच्या संडासात ठेवलेली सुकी लाकडे बाहेर निघाली.

जाता जाता एक कामाची गोष्ट. संडास बांधायचा तर दोन शोषखड्ड्यांचा बांधावा आणि विहिरीपासून लांब बांधावा. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचे. भरलेला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवला की आतल्या मैल्याची माती होते, तिला वास राहत नाही, आणि ती झाडांना उत्तम खत होते. मोठी टाकी बांधून पैसे घालवू नका.

एप्रिल २०१८ मध्ये आपले राज्य हगणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. तो आकडा मोठा आहे आणि त्यामागे पुष्कळांचे कष्ट आहेत. पण आकडा कितीही मोठा असला तरी तो एकेका नावाचा मिळून झालेला असतो. प्रत्येक नावामागे एक घर असते, आणि त्या घराला काहीतरी सांगायचे असते. तुमच्या दाराशी पुढच्या वेळी कोणी वही घेऊन आले, तर त्यांना बसायला घोंगडी टाका, पाणी द्या, विचारतील ते खरे खरे सांगा. आणि लिहून झाले की म्हणा, “साहेब, आता याचे कारणही लिहा.”